देवनहळ्ळीचे पपनस

कोकणात गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी देवाच्या आसनावर माटवी बांधण्याची चाल आहे. लाकडी चौकट छताला टांगतात आणि तिच्यावर आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, काकड्या आणि रानातली नाना प्रकारची फुले-फळे बांधतात. आमच्या घरी या सर्वांच्या मधोमध दोन मोठी, हिरवीपिवळी, जड फळे लोंबत असत. आजी त्यांना तोरंजन म्हणे. मुंबईच्या बाजारात त्यांनाच पपनस म्हणतात. पाच दिवसांनी मूर्तीचे विसर्जन झाले की माटवी उतरवीत. नारळ घरात येत, काकड्या कोशिंबिरीला जात आणि ती दोन तोरंजने मुलांच्या हाती चेंडू म्हणून पडत. ते फळ खावयाचे असते, ही गोष्ट वयाची चाळिशी उलटेपर्यंत प्रस्तुत लेखकाच्या मनातही आली नव्हती. ती कळली बंगळूरला आल्यावर.

बंगळूर शहर आम्हा मराठी माणसांस अगदीच परके नाही. १६३८ मध्ये ते विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे कित्येक वर्षे शहाजीराजांचे वास्तव्य तेथे होते. या शहराच्या उत्तरेस, नंदी डोंगराच्या वाटेवर, सुमारे ३५ किलोमीटरवर देवनहळ्ळी हे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि तेथील दगडी किल्ला यांमुळे इतिहासाच्या वाचकांना ते ठाऊक असते. बंगळूरकरांना मात्र ते आणखी एका कारणाने ठाऊक आहे, आणि ते कारण म्हणजे तेथील चक्कोता. चक्कोता हे पपनसाचे कानडी नाव.

एका भाद्रपदात नंदी डोंगराहून परतताना देवनहळ्ळीनजीक रस्त्याच्या कडेला एक वृद्ध शेतकरी पाचसात फळे मांडून बसलेला दिसला. त्यांतले एक त्याने नमुन्यादाखल उघडून ठेवले होते. बाहेरून आमच्या माटवीतले तोरंजनच ते. पण आतला गर फिकट पांढरा नसून डाळिंबासारखा तांबूस होता. कुतूहलाने दोन फळे घरी आणली. दोहोंचे वजन मिळून साडेतीन किलोंच्या आसपास भरले.

पहिल्या फळाची मात्र आम्ही माती केली. मोसंबीचा रस काढावा त्याप्रमाणे ते आडवे कापून, पिळून, रस भांड्यात झाकून ठेवला. संध्याकाळी त्याचा घोट घेतला, तो कडुनिंबाच्या पाल्याची आठवण यावी इतका कडू! दुसरे फळ टाकूनच द्यावयाचे, पण घरी काम करण्यास येणाऱ्या बाई देवनहळ्ळी तालुक्यातल्याच होत्या. त्यांनी भांडे पाहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “साहेब, चक्कोता पिळायचा नसतो, सोलायचा असतो.” मग त्यांनी जमिनीवर बसून ते दुसरे फळ कसे सोलले, आणि त्याचा पहिला तांबूस घास तोंडात घेताच काय वाटले, ते पुढे सांगू. त्या दोन फळांत एक कडू व एक गोड असे का झाले, याचा उलगडा प्रथम करावयास हवा.

फळाची घडण

पपनस हे लिंबू-संत्र्यांच्या कुळातील सर्वांत मोठे फळ. त्याचे शास्त्रीय नाव सिट्रस मॅक्सिमा. यातील ‘मॅक्सिमा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘सर्वांत मोठी’ असा आहे. एका फळाचे वजन सामान्यतः एक ते दोन किलो भरते.

फळ आडवे कापले असता तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत बाहेर पातळ, हिरवी किंवा पिवळी साल असते. तिच्यात सुगंधी तेलाच्या असंख्य बारीक पिशव्या असतात. तिच्या आत पांढऱ्या, मऊ, कापसासारख्या भागाचा जाड थर असतो. संत्र्यात हा थर नावापुरताच असतो. पपनसात तो बोटभर जाड असू शकतो. त्याच्याही आत फोडी असतात आणि प्रत्येक फोड चिवट पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेली असते. फोडीतील गर म्हणजे वस्तुतः फोडीच्या आतल्या भिंतीवर उगवलेले केसच होत. हे केस वाढता वाढता रसाने फुगतात आणि त्यांच्या लांबट थैल्या बनतात. संत्र्यात या थैल्या नाजूक आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात. पपनसात त्या टपोऱ्या, टणक आणि सहज सुट्या होणाऱ्या असतात. म्हणूनच पपनस पिण्यापेक्षा खाण्यास अधिक योग्य होय.

मधल्या पांढऱ्या थराचे कार्यही लक्षात घेण्याजोगे आहे. दीड-दोन किलोचे फळ उंच फांदीवरून जमिनीवर पडले तर ते फुटावयास हवे. पण ते बहुधा फुटत नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग आणि आखेन येथील संशोधकांनी या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. दहा मीटरहून अधिक उंचीवरून सोडलेली पपनसेही बाहेरून शाबूत राहिल्याचे त्यांना आढळले. या थरातील पेशींच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून चिवट वाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. आघात होताच पोकळ्या दबतात आणि आघाताची शक्ती सर्वत्र वाटली जाऊन विरून जाते. याच धर्तीवर आघात सोसणारे धातूचे सच्छिद्र साहित्य बनविण्याचे प्रयत्न त्या संशोधकांनी केले. बंगालच्या खेड्यांतील मुले कच्च्या पपनसाचा पायचेंडू करून खेळतात आणि आम्ही कोकणात तेच करीत होतो. फळाचा हा गुण मुलांना शास्त्रज्ञांच्या आधीच सापडला होता असे म्हणावयास हरकत नाही.

दोन प्रकारचे कडूपण

आता आमच्या बिघडलेल्या रसाकडे वळू. पपनसात कडूपणा आणणारी मुख्य द्रव्ये दोन आहेत आणि ती दोन निराळ्या रीतींनी काम करतात.

पहिले द्रव्य नारिंजीन. १८५७ मध्ये द व्ह्री या डच रसायनशास्त्रज्ञाने जावा बेटावरील पपनसाच्या फुलांतून ते वेगळे केले. त्याचे नाव आपल्या ‘नारिंग’ या शब्दावरूनच आले आहे. हे द्रव्य मुख्यतः पांढऱ्या थरात व फोडींच्या पापुद्र्यांत असते. फळ पापुद्र्यांसह पिळले की ते रसात उतरते.

नारिंजीनच्या रेणूत ग्लुकोज व ऱ्हॅम्नोज या दोन शर्करा एकमेकींना जोडलेल्या असतात. याच दोन शर्करा मोसंबी-संत्र्यातील तत्सम द्रव्यांतही असतात; पण तेथे त्या निराळ्या ठिकाणी जोडलेल्या असल्यामुळे ती द्रव्ये बेचव लागतात. घटक तेच, केवळ सांधा बदलला, आणि तेवढ्याने जिभेवर कडू व बेचव असा भेद पडला! याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, नारिंजीनसारख्या कडू द्रव्यांवर एक साधी रासायनिक प्रक्रिया केली असता त्यांपासून साखरेच्या कित्येक पट गोड पदार्थ तयार होतात. हा शोध १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील होरोविट्झ व जेंटिली या रसायनशास्त्रज्ञांनी लावला. कडूपणाच्या कारणांचा तपास करता करता हे गोड फळ त्यांच्या पदरी पडले.

दुसरे द्रव्य लिमोनीन. याची तऱ्हा वेगळी आहे. अखंड फळाच्या गरात ते कडू रूपात नसते, तर बेचव अशा पूर्वरूपात असते. फळ पिळले की पेशी फुटतात, हे पूर्वरूप रसातील आम्लात मिसळते आणि काही तासांत त्याचे कडू लिमोनीन बनते. म्हणजे ताजा असताना बरा लागणारा रसही ठेवल्याने कडू होत जातो. आम्ही फळ पापुद्र्यांसकट पिळले आणि वर तो रस संध्याकाळपर्यंत ठेवला. दोन्ही कडूपणांना आम्ही आमंत्रणच दिले होते. सोलून, पापुद्रे काढून, लगेच खाल्लेल्या गरात यांपैकी कोणासच फारसा वाव मिळत नाही. देवनहळ्ळीच्या बाईंनी एका वाक्यात जे सांगितले त्याचे रसायनशास्त्र हे असे आहे.

गराचा तांबूस रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो. टोमॅटो, कलिंगड आणि तांबड्या पेरूचा रंगही त्याचाच. क जीवनसत्त्वही पपनसात भरपूर आहे. १०० ग्रॅम गरात ते सुमारे ६० मिलिग्रॅम असते.

नावांवरून दिसणारा प्रवास

पपनस मूळचे आग्नेय आशियातले. तेथून ते चीनमध्ये फार प्राचीन काळी गेले. चीनच्या प्राचीन ग्रंथांत राजाला पाठवावयाच्या नजराण्यांत संत्र्यांबरोबर पपनसाचाही उल्लेख येतो. भारतात ते कोणत्या वाटांनी आले हे त्याच्या नावांवरून उमगते. बंगालीत त्याला ‘बाताबी लेबू’ म्हणतात, म्हणजे बटाव्हियाचे लिंबू. बटाव्हिया हे डचांच्या काळातील जाकार्ताचे नाव. तमिळमधील ‘पंबळिमासु’ हे नाव डचांच्या ‘पॉम्पेलमूस’ या शब्दाशी नाते सांगते आणि आपले ‘पपनस’ही त्याच परिवारातले मानतात. कोकणातील ‘तोरंजन’ मात्र दुसऱ्या वाटेने आले. फारसीत महाळुंगाला ‘तुरंज’ म्हणतात. ते नाव आपण या मोठ्या फळाला दिले. एका फळाच्या नावांत असा हिंदी महासागराचा सारा व्यापार साठविलेला आहे.

सतराव्या शतकात शॅडॉक नावाच्या एका इंग्रज कप्तानाने या फळाचे बी वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर नेले, अशी कथा प्रसिद्ध आहे. इंग्रजीत या फळाला त्या कप्तानाचेच नाव पडले. तेथे पपनसाचा गोड नारिंगाशी आपोआप संकर होऊन एक नवे फळ जन्मास आले, ते म्हणजे ग्रेपफ्रूट.

मोसंबीचे मातृकुल

ग्रेपफ्रूटची ही कथा अपवादात्मक नाही. आपल्या परिचयाची बहुतेक आंबट-गोड फळे अशा संकरांतूनच उत्पन्न झाली आहेत. १९७० नंतरच्या दशकात काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी असे मत मांडले की, या कुळातील लागवडीच्या असंख्य जातींच्या मुळाशी प्रामुख्याने तीनच पूर्वज आहेत: महाळुंग, संत्र्याच्या वर्गातील फळ आणि पपनस. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने या मताला बव्हंशी पुष्टी दिली. त्याच अभ्यासानुसार या साऱ्या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या टापूत, सुमारे ८० लक्ष वर्षांपूर्वी झाला असावा.

या तीन पूर्वजांपैकी महाळुंग आपल्याला कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात दिसते आणि संत्रे नागपुरामुळे घरोघरी परिचित आहे. पपनस मात्र आपण विसरलो. तरीही जालन्याची मोसंबी आपण खातो तेव्हा पपनसाचाच वारसा चाखीत असतो. मोसंबी हा गोड नारिंगाचा एक प्रकार. गोड नारिंग पपनस आणि संत्रे यांच्या अनेक पिढ्यांच्या संकरातून झाले. वनस्पतींच्या पेशींतील हरितकण सामान्यतः मातेकडूनच संततीस मिळतात, आणि गोड नारिंगाचे हरितकण पपनसाचे आहेत. म्हणजे मातृकुलाने पाहता पपनस ही मोसंबीची आजी होय.

प्रत्येक झाड निराळे

येथून आपण पुन्हा देवनहळ्ळीस येऊ. कारण या फळाच्या भवितव्याचा प्रश्न तेथे प्रत्यक्ष उभा आहे.

संत्रे किंवा मोसंबी यांच्या एका बीमधून बहुधा एकाहून अधिक रोपे निघतात. त्यांतील बरीचशी फलनाशिवाय, केवळ मातेच्या उतींपासून बनलेली असतात. त्यामुळे ती हुबेहूब मातेसारखी निपजतात. पपनसाच्या बीत मात्र एकच भ्रूण असतो आणि तो दोन पालकांच्या मीलनातून झालेला असतो. शिवाय पपनसाचे फूल स्वतःच्या परागाचा स्वीकार करीत नाही. पराग दुसऱ्या, निराळ्या झाडाकडून यावा लागतो. परिणामी बीपासून वाढलेले प्रत्येक पपनस हे एक स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असते. एका झाडाचे फळ तांबूस व मधुर, तर त्याच्याच बीपासून झालेल्या शेजारच्या झाडाचे फिकट व कडवट, असे होऊ शकते.

देवनहळ्ळीचा गोडवा हा अशा असंख्य रोपांतून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचे फलित आहे. जे झाड गोड निघाले ते राखले, जे कडू निघाले ते तोडले किंवा बांधावर सोडून दिले. या निवडीची नोंद कोठेही लिहिलेली नाही; ती त्या झाडांतच आहे. झाड गेले की नोंदही गेली. त्याच्या फळातील बी पेरून तेच झाड परत मिळत नाही.

आणि झाडे जात आहेत. २००८ मध्ये देवनहळ्ळीनजीक बंगळूरचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. आसपासच्या जमिनींचे भाव वाढले, बागांच्या जागी भूखंड पडले, विहिरी आटल्या. त्याच सुमारास ‘देवनहळ्ळी पपनस’ या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण मिळाले. हे मानांकन नावाचा गैरवापर रोखते. कुऱ्हाड रोखण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा भाद्रपदात आम्ही त्या वृद्ध शेतकऱ्याचा शोध घेत त्याच्या अंगणापर्यंत गेलो. अंगणात एक जुने झाड होते. पूर्वी शेजारच्या दोन बागांतही अशीच झाडे होती, असे त्याने सांगितले. आता तेथे कुंपण घातलेले मोकळे भूखंड होते. “फूल पहिल्यासारखेच येते, फळ मात्र धरत नाही,” असे तो म्हणाला. फळ न धरण्यास पाण्याची टंचाई, रोग, झाडाचे वय अशी अनेक कारणे असू शकतात. तथापि जे झाड स्वतःचा पराग स्वीकारीत नाही, त्याच्या भोवतालची झाडे नाहीशी झाली तर त्याची फळे घटण्याचा संभव असतो, हेही तितकेच खरे. एक बाग तुटते तेव्हा शेजारच्या बागेचेही नुकसान होते, ते असे.

उपाय नाही असे मात्र नाही. गोड निघालेले झाड जसेच्या तसे राखावयाचे तर त्याचे कलम करावे लागते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल बोटभर रुंदीची कंकणाकृती काढून त्या जागी ओले शेवाळ बांधले आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला, तर काही आठवड्यांत तेथे मुळे फुटतात. मग ती फांदी खालून कापून स्वतंत्र लावता येते. हीच गुटी कलमाची रीत. दुसरी रीत म्हणजे दुसऱ्या रोपावर त्या झाडाचा डोळा भरणे. शाळेच्या आवारात अशी दोन निराळ्या झाडांची कलमे लावली, तर विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्राचा एक पाठ प्रत्यक्ष मिळेल आणि झाडांना परस्परांची सोबतही होईल.

औषध घेणाऱ्यांस एक सूचना

या फळाविषयी लिहिताना एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. १९८९ मध्ये कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या एका औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे पाहत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तेव्हा रक्तातील औषधाचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले दिसले. पुढील संशोधनात उलगडा झाला तो असा: आपल्या आतड्याच्या अस्तरात कित्येक औषधांचे विघटन करणारे एक विकर असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरॅनोकुमारीन वर्गाची द्रव्ये त्या विकराला निकामी करतात. मग औषधाचा एरवी नष्ट होणारा भागही रक्तात शिरतो आणि नेहमीची मात्रा अतिमात्रा ठरू शकते. नवे विकर तयार होईपर्यंत, म्हणजे एकदोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ, हा परिणाम टिकू शकतो.

ग्रेपफ्रूटला ही द्रव्ये त्याच्या पूर्वजाकडून, म्हणजे पपनसाकडूनच मिळाली आहेत. म्हणून रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारख्या विकारांवर नियमित औषधे घेणाऱ्यांनी पपनस खाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. आमच्या घरी वडिलांच्या वाट्याचे पपनस याच कारणास्तव बंद आहे आणि त्याची त्यांना अजून हळहळ वाटते.

खाण्याची रीत

बाईंनी दुसरे फळ कसे सोलले ते आता सांगतो. प्रथम त्यांनी देठाकडची साल टोपीसारखी कापून काढली. मग वरून खाली, फक्त पांढऱ्या थरापर्यंत पोचतील अशा सहा चिरा पाडल्या आणि कमळाच्या पाकळ्या उघडाव्यात तशी साल उलगडली. आतला गोळा अंगठ्यांनी दोन भागांत फोडला. प्रत्येक फोडीचा पापुद्रा पाठीकडून चिरून मागे ओढला, तसा तांबूस गर सुट्या दाण्यांनी ताटलीत पडू लागला. पापुद्र्याचा एकही तुकडा त्यांनी गरात राहू दिला नाही. वर चिमूटभर मीठ आणि थोडे तिखट भुरभुरले.

पहिल्या घासाला दाणे दातांखाली एकेक फुटत गेले. आधी थंडगार गोडवा, मग किंचित आंबटपणा आणि सर्वांत शेवटी, जेमतेम जाणवेल इतका, त्या नारिंजीनचा कडसरपणा. संत्र्याचा रस जिभेवरून ओघळून जातो. येथे प्रत्येक दाणा आपला रस शेवटपर्यंत सांभाळून होता. आम्ही दोघे नवराबायको काही न बोलता ती ताटली संपवीत राहिलो.

गेल्या वर्षी गणपतीसाठी गावी गेलो तेव्हा माटवीत नेहमीप्रमाणे दोन तोरंजने टांगली होती. विसर्जनानंतर मुलांनी ती मागितली. एक त्यांना खेळावयास दिले. दुसरे मात्र आम्ही अंगणात बसून, बाईंनी शिकविल्याप्रमाणे सोलले. त्याचा गर पांढरा होता आणि चव देवनहळ्ळीच्या फळाहून बरीच आंबट होती. परंतु गूळ लावून ते सर्वांनी खाल्ले. आमच्या ऐंशी वर्षांच्या काकूंनी आयुष्यात पहिल्यांदाच तोरंजन चाखले. त्यांनी त्याच्या बिया पुसून पदरात बांधल्या. त्या पेरल्यावर निघणारे झाड याच्यासारखे असेलच असे नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. “मग कसे निघते ते बघू की,” असे त्या म्हणाल्या आणि परसात गेल्या.